‘आपला माणूस’ : हितसंबंध, नातीगोती आणि कायद्यातील एक ओळ

१.
वाचकहो, आजच्या धाग्याला निमित्त घरगुती आहे. आमच्या नात्यातील एक गृहस्थ ग्रामपंचायतीचे सदस्य होते. पाणंद रस्त्यावर मुरूम टाकण्याचे काम निघाले आणि ते त्यांच्या सख्ख्या भावाच्या ट्रॅक्टरला मिळाले. गावात कुजबुज झाली. घरी विषय निघाला तेव्हा आई म्हणाली, “काम चांगलं केलं ना? मग आपल्याच माणसाला दिलं तर बिघडलं कुठं?”

२.
काम खरोखरच चांगले झाले होते, दरही वाजवी होता. त्यामुळे मला चटकन उत्तर सुचले नाही. पुढे इतिहासाच्या अभ्यासात लक्षात आले की हा प्रश्न निदान अकराशे वर्षे जुना आहे. अधिकारपदावरील माणसाचा ‘आपला’ कोण? ते नाते कायद्याने कुठवर मोजायचे? या धाग्यात त्या मोजणीचा इतिहास पाहू.

३.
आधी एक भेद स्पष्ट करतो. लाच हा गुन्हा आहे. तो घडल्यावर शिक्षा होते. हितसंबंधांचा नियम त्याच्या अलीकडे उभा असतो. पदाचे कर्तव्य आणि खासगी लाभ एकाच माणसात समोरासमोर येतील, अशी परिस्थितीच तो टाळू पाहतो. म्हणून या नियमाखाली अपात्र ठरलेला माणूस चोर असतोच असे नाही. ‘मी पैसे खाल्ले नाहीत’ हे त्याचे म्हणणे खरे असूनही तो अपात्र ठरू शकतो.

४.
आता तमिळनाडूत जाऊ. कांचीपुरमजवळील उत्तिरमेरूर येथील वैकुंठ पेरुमाळ मंदिराच्या भिंतींवर चोळ राजा पहिला परांतक याच्या काळातील दोन शिलालेख आहेत. एक इ. स. ९१९ चा, दुसरा ९२१ चा. गावाच्या सभेने तलाव, बागा, सोने इत्यादींसाठी समित्या कशा निवडाव्यात, याचे नियम त्यांत कोरले आहेत. पहिल्या लेखातील नियम दोन वर्षांतच दुसऱ्या लेखाने सुधारून अधिक तपशीलवार केले.

५.
गावाचे तीस भाग. प्रत्येक भागातील पात्र व्यक्तींची नावे ताडपत्राच्या चिठ्ठ्यांवर लिहून घागरीत टाकायची आणि अजाण मुलाच्या हातून एक चिठ्ठी काढवून घ्यायची. मुदत ३६० दिवसांची. वय ३५ ते ७० च्या दरम्यान, स्वतःच्या जागेवर घर, करपात्र जमीन, शिवाय वेदाध्ययन, अशा अटी होत्या. मागील तीन वर्षांत समितीवर बसलेल्याचे नाव घागरीत पडत नसे.

६.
आपल्या विषयाचा नियम याच्या पुढे येतो. जो समितीवर होता पण ज्याने हिशेब दिला नाही, त्याचे नाव घागरीत टाकायचे नाही. आणि त्याच्या नातेवाइकांचेही नाही! शिलालेख ही नाती एकेक करून मोजतो : मावसभाऊ, आतेभाऊ, मामेभाऊ, मामा, काका, सख्खा भाऊ, सासरा, बायकोचा भाऊ, बहिणीचा नवरा, भाचा, जावई, बाप, मुलगा.

७.
ही यादी वाचताना मला नेहमी एखाद्या लग्नपत्रिकेची आठवण होते. तिच्यामागचे निरीक्षण मात्र बारीक आहे. हिशेब बुडवणारा माणूस पुढच्या वर्षी स्वतः येत नाही, तो मेव्हण्याला पाठवतो, हे त्या सभेने पाहिलेले असणार. नुसती ‘नातेवाईक’ अशी मोघम नोंद केली तर वाद होतील, म्हणून नावनिशीवार नाती दगडावर कोरली.

८.
येथे भारावून जाण्याचा मोह आवरायला हवा. ही सभा ब्रह्मदेय गावाची, म्हणजे जमीनधारक ब्राह्मण पुरुषांची होती. स्त्रिया, कुळे, कारागीर, शेतमजूर यांना त्या घागरीत स्थान नव्हते. ‘प्राचीन भारतातील लोकशाही’ म्हणून हा लेख समाजमाध्यमांवर फिरतो तेव्हा हे सांगितले जात नाही. तरीही सत्ताधाऱ्यांच्या छोट्या वर्तुळाने स्वतःच्याच नातलगांवर घातलेले हे बंधन इतिहासात लक्षणीय आहे, यात शंका नाही.

९.
महाराष्ट्रातील गावगाडा वेगळ्या तत्त्वावर उभा होता. पाटीलकी आणि कुलकर्ण हे वतन होते. वतन वारसाने मिळे, भावाभावांत वाटले जाई, गहाण पडे, विकलेही जाई. पद हीच जिथे घराण्याची मालमत्ता, तिथे पद आणि खासगी हित यांत संघर्ष होतो हा विचार उभा राहणेच अवघड. पाटलाने आपल्या मुलाला पाटील केले तर तो पक्षपात नव्हता. तोच रिवाज होता.

१०.
याचा अर्थ तेव्हा अंकुश नव्हता असा नाही. अंकुशाची रीत निराळी होती. पाटलासमोर कुलकर्णी, देशमुखासमोर देशपांडे अशी जोडी असे. एकाची सत्ता, दुसऱ्याचे दप्तर. पेशवाईत परगण्यावर कमाविसदार असे, पण त्याच्या कचेरीतील फडणीस, मुजुमदार वगैरे दरकदारांना त्याला परस्पर काढून टाकता येत नसे. वतनाचे तंटे गोतसभेपुढे येत. माणसाचे हित नाहीसे करण्याऐवजी त्याच्यासमोर दुसऱ्याचे हित उभे करायचे, अशी ही व्यवस्था.

११.
आता इंग्लंड. तेथील अनेक जुन्या नगरमंडळांत सभासदच नव्या सभासदांची निवड करीत. शहराच्या जमिनी आपल्याच मंडळींना स्वस्त भाडेपट्ट्याने द्यायच्या, शहराच्या पैशावर मेजवान्या झोडायच्या, असे प्रकार चालत. १८३३ मध्ये राजकीय आयोग नेमला गेला आणि १८३५ मध्ये म्युनिसिपल कॉर्पोरेशन्स ॲक्ट आला. १७८ शहरांचा कारभार त्याने करदात्यांनी निवडलेल्या मंडळांकडे सोपवला.

१२.
याच कायद्याच्या २८ व्या कलमात आपल्या धाग्याची नायिका असलेली ओळ आहे. तिचा आशय असा : जो ‘प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे, स्वतः किंवा आपल्या भागीदारामार्फत’, नगरमंडळाच्या कोणत्याही कंत्राटात वा नोकरीत हिस्सा किंवा हितसंबंध राखून असेल, तो सभासद होण्यास अपात्र. हे शब्द ध्यानात ठेवा. पुढे ते पुन्हापुन्हा भेटतील.

१३.
उत्तिरमेरूरशी तुलना करून पाहा. तेथे तेरा-चौदा नाती, येथे एकच : भागीदार. १८३५ चा इंग्लंड हा व्यापारी पेढ्यांचा देश. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढचा संशयित मामा किंवा मेव्हणा नव्हता, पेढीतील जोडीदार होता. प्रत्येक समाज आपल्याला परिचित असलेल्या चोरवाटेवरच पहारा बसवतो. ‘अप्रत्यक्षपणे’ या शब्दात आणखी कोण सामावते, ते पुढच्यांवर सोडून दिले गेले.

१४.
आता मुंबई. १८६५ च्या कायद्याने मुंबईला पगारी म्युनिसिपल कमिशनर मिळाला : आर्थर क्रॉफर्ड. रस्ते, गटारे, मंडई अशी कामे त्याने धडाक्याने काढली. आजची महात्मा जोतिबा फुले मंडई त्याच्याच नावाने ओळखली जाई. पण खर्च आवाक्याबाहेर गेला आणि करदाते संतापले. १८७१ मध्ये मोठी चळवळ झाली आणि क्रॉफर्डला जावे लागले.

१५.
तरुण फिरोजशहा मेहता तेव्हा म्हणाले होते की दोष एकाच कमिशनरच्या हाती कारभार देण्यात नाही. त्याच्यावर करदात्यांच्या प्रतिनिधींचा अंकुश नसण्यात आहे. १८७२ च्या कायद्याने ६४ सभासदांचे नगरमंडळ आले, त्यांतील निम्मे करदात्यांनी निवडलेले. पुढे १८८८ चा मुंबई महानगरपालिका कायदा घडवताना मेहता आणि काशिनाथ त्रिंबक तेलंग यांचा मोठा वाटा होता. थोड्याफार दुरुस्त्यांसह तोच कायदा आजही मुंबईत चालतो.

१६.
त्याचे १६ वे कलम उघडा. ‘प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे, स्वतः किंवा आपल्या भागीदारामार्फत’... १८३५ ची ओळ जशीच्या तशी समुद्र ओलांडून आली आहे. सोबत व्यवहारी अपवादही आहेत. महापालिकेशी जमिनीचा खरेदी-विक्री वा भाडेपट्ट्याचा व्यवहार, महापालिकेच्या जाहिराती छापणाऱ्या वृत्तपत्रातील हिस्सा, कंत्राट घेणाऱ्या कंपनीचे समभाग, एवढ्यामुळे कोणी अपात्र होत नाही. सगळेच हितसंबंध निषिद्ध केले असते, तर मुंबईतील किती पुढारी उरले असते, कोण जाणे!

१७.
याच १८८८ सालात हाच क्रॉफर्ड पुन्हा गाजला. आता तो मध्य विभागाचा कमिशनर होता, मुक्काम पुणे. मामलतदारांकडून नेमणुका, बढत्या आणि बदल्यांसाठी पैसे घेतल्याचा आरोप त्याच्यावर आला. पैसे त्याचा हस्तक हणमंतराव जहागीरदार याच्यामार्फत जात, असे म्हटले गेले. क्रॉफर्ड निलंबित झाला, पुण्यात चौकशी आयोग बसला. हणमंतरावाला स्वतंत्र खटल्यात शिक्षा झाली.

१८.
आयोगाचा निष्कर्ष आपल्या विषयासाठी फार मोलाचा आहे. लाचखोरीचे आरोप सिद्ध झाले नाहीत, असे आयोगाने म्हटले. मात्र आपल्या अधिकारक्षेत्रातील लोकांकडून त्याने कर्जे घेतली होती, आणि तशी ती घेण्यास सनदी नोकरांना मनाई होती. एवढ्यावरून त्याची नोकरी गेली. ज्याच्याकडून उसने घेतले त्याच्या अर्जाचा निवाडा निष्पक्ष कसा होणार? लाच सिद्ध करायला साक्षी-पुरावे लागतात; येथे कर्जाची नोंद पुरेशी ठरली.

१९.
मामलतदारांचे काय झाले? खरे सांगाल तर अभय मिळेल, या सरकारी आश्वासनावर अनेकांनी पैसे दिल्याची कबुली दिली होती. त्यावर इंग्लंडमध्ये गदारोळ झाला आणि काहींना बडतर्फ करण्यात आले. सरकारने दिलेला शब्द पाळावा, म्हणून टिळकांनी त्यांची बाजू हिरिरीने लढवली. वरिष्ठाच्या लोभाचा भार अखेर कनिष्ठांवर आला. अशा प्रकरणांत आजही हेच होताना दिसते.

२०.
स्वातंत्र्यानंतर ती ओळ गावात पोहोचली. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याच्या १४ व्या कलमातील (ग) खंड वाचा. पंचायतीच्या हुकमाने होणाऱ्या कामात, पंचायतीच्या कंत्राटात किंवा नोकरीत ‘प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे, स्वतः किंवा आपल्या भागीदारामार्फत’ हितसंबंध असलेला माणूस सदस्य राहू शकत नाही. १८३५ मध्ये इंग्लंडातील पेढीवाल्यांसाठी रचलेले शब्द आता मुरमाच्या ट्रॅक्टरला लागू झाले. पाटीलकीचे वारसाहक्काचे पद १९६२ च्या कायद्याने रद्द झाले, तेही याच काळात.

२१.
पण गावात पेढीतला भागीदार कुठे आहे? येथे भाऊ आहे, मुलगा आहे, नवरा आहे. ज्या समाजात घर हेच आर्थिक एकक, तेथे ‘भागीदार’ हा शब्द अपुरा पडणार होता. म्हणून गेल्या साठ वर्षांतील न्यायालयीन वाद ‘अप्रत्यक्षपणे’ या एका शब्दाभोवती फिरत राहिले.

२२.
१९६६ मध्ये विदर्भातील एका नगरपालिकेचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आले. तेथे १९२२ चा मध्य प्रांत व वऱ्हाडचा कायदा लागू होता. उमेदवाराचा मुलगा त्याच नगरपालिकेत नोकरीस होता. बाप अपात्र ठरतो का? सरन्यायाधीश गजेंद्रगडकर यांच्या निकालाचे सार असे : हितसंबंध आर्थिक स्वरूपाचा असला पाहिजे, केवळ बाप-लेकाचे नाते म्हणजे हितसंबंध नव्हे. विधिमंडळाला नात्यावरून बंदी घालायची असेल तर त्याने तसे स्पष्ट लिहावे.

२३.
इंग्लंडने तसे लिहिले होते. तेथील १९३३ च्या कायद्याने सभासदावर आपला हितसंबंध सभेत जाहीर करण्याचे आणि त्या विषयावर मत न देण्याचे बंधन घातले. पती-पत्नी एकत्र राहत असतील, तर एकाचा ज्ञात हितसंबंध दुसऱ्याचाही मानला जाई. गंमत पाहा! उत्तिरमेरूरने दहाव्या शतकात कोरलेले नाते इंग्रजी कायद्याच्या पानावर विसाव्या शतकात उमटले.

२४.
पुढचा टप्पा गोव्याचा. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे प्रश्न आला : पंचायतीचे कंत्राट सदस्येच्या नवऱ्याला मिळाले, तर ती अपात्र होते का? गोव्यात पोर्तुगीजांची १८६७ ची नागरी संहिता कौटुंबिक बाबतींत मुक्तीनंतरही लागू राहिली. त्या संहितेनुसार विवाहानंतर मालमत्ता सामाईक होते. म्हणजे नवऱ्याच्या नफ्यात बायकोचा अर्धा वाटा कायद्यानेच ठरलेला. न्यायालयाने तिला अपात्र ठरवले. जे नाते विदर्भात अपुरे पडले, ते गोव्यात पुरेसे ठरले, कारण तेथे नात्यालाच आर्थिक रूप होते.

२५.
महाराष्ट्रात आणखी एक वळण आले. सरकारी जागेवर अतिक्रमण करणारा पंचायत सदस्य होऊ शकत नाही, असा खंड १९५८ च्या कायद्यात पुढे घातला गेला. पण अतिक्रमण सासऱ्याने केले आणि सून त्याच घरात राहते, तर? २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या खंडपीठाने म्हटले : ज्याने मुळात अतिक्रमण केले तोच अपात्र. २०१८ मध्ये तीन न्यायाधीशांच्या पीठाने ते मत फिरवले. त्या जागेचा उपभोग घेत राहणारा कुटुंबीयही अपात्र ठरला.

२६.
याची दुसरी बाजूही पाहायला हवी. ७३ व्या घटनादुरुस्तीनंतर लाखो स्त्रिया पंचायतींत आल्या. ज्या घराची जागा, कंत्राट किंवा कर्ज यांवर तिचे काहीच चालत नाही, त्या घराच्या व्यवहारापायी सुनेचे पद जाऊ शकते. विरोधकांच्या हाती हे खंड शस्त्र होतात. निवडणुकीत हरलेला गट तक्रारअर्ज घेऊन तयारच असतो. त्याचबरोबर ‘सरपंचबाईंचे यजमान’ कारभार पाहतात आणि कामेही तेच घेतात, हेही सर्वांनी पाहिलेले आहे. नियम ढिला केला तर घर पंचायत गिळते. फार आवळला तर छोट्या गावात नात्यागोत्याबाहेरचा सदस्य मिळणे मुश्कील होते.

२७.
म्हणून उत्तिरमेरूरच्या यादीकडे पुन्हा पाहावेसे वाटते. त्या सभेने नातेवाइकांना सरसकट बाहेर ठेवले नव्हते. हिशेब न देणाऱ्याच्या नातेवाइकांना ठेवले होते. म्हणजे नाते हा दोष नव्हता. नात्याच्या आडून हिशेब चुकवणे हा दोष होता. हिशेब द्या, आणि तुमचा जावई खुशाल घागरीत नाव टाकू शकतो. बंदीची किल्ली त्या माणसाच्याच हाती होती.

२८.
आता आईच्या प्रश्नाकडे येतो. काम चांगले झाले, मग बिघडले कुठे? मला सुचलेले उत्तर असे. मुरूम कमी पडला असता, तर मोजमाप करायला कोण गेले असते? बिलाला हरकत कोणी घेतली असती? त्या दिवशी पंचायतीत भावाचे काम तपासण्याचे कर्तव्य भावावरच होते. काम चांगले झाले, हा गावाचा योग होता. त्याची हमी कोणाकडेच नव्हती.

२९.
आईला हे सांगितले तेव्हा ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “मग त्यानं सभेतून उठून जायला हवं होतं.” ग्रामपंचायतीच्या कायद्याला तेवढे पुरत नाही, तो पदच काढून घेतो. पण १९३३ साली इंग्लंडच्या संसदेने सभासदांना जे सांगितले, ते जवळजवळ हेच होते. आईने तो कायदा वाचलेला नाही.

३०.
वाचकहो, आपल्या गावाच्या ग्रामसभेला एकदा तरी जा. कोणते काम कोणाला दिले, दर काय लागला, मोजमाप कोणी केले, एवढे तीन प्रश्न विचारा. उत्तर देणारा आपलाच माणूस असेल, त्यामुळे ते विचारणे जड जाईल. दहाव्या शतकातील त्या सभेलाही आपल्याच मेव्हण्यांची नावे दगडावर कोरताना जडच गेले असणार.

धागा समाप्त. आपल्या भागातील जुन्या नगरपालिकांचे ठराव, वतनाचे कागद किंवा गोतसभेचे निवाडे कोणाच्या पाहण्यात असतील, तर खाली अवश्य लिहा.